अदेय

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् यज्ञाच्या निमित्ताने जैमिनीने एक प्रश्न उपस्थित केला आहे, आणि तो वरवर पाहता ऋत्विजांच्या दक्षिणेपुरता असला, तरी भूमी आणि मनुष्य यांच्या संबंधाविषयी आपल्या परंपरेत याहून मूलगामी प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल, असे मला वाटते. विश्वजित् करणाऱ्या यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावयाचे असते. आता या सर्वस्वात कशाकशाचा अंतर्भाव करावयाचा? आईबाप माणसाचे स्वतःचेच असतात. मग तेही देऊन टाकावयाचे काय? आणि यजमान जर सार्वभौम राजा असेल, तर आपल्या अंमलाखालच्या समस्त पृथ्वीवर त्याने उदक सोडावे काय? जैमिनीचा निर्णय असा की, ज्यावर आपली प्रभुता चालते तेवढेच देता येते. आईबाप आपले खरे, परंतु आपण त्यांचे धनी नाही, म्हणून ते अदेय. आणि भूमीही अदेय, कारण ती सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामींनी भाष्यात याचा विस्तार करताना म्हटले आहे की शेतांचे धनी जगात दिसतात, पण अवघ्या पृथ्वीचा स्वामी कोठे दिसत नाही. राजाकडे आहे ते पिकांच्या रक्षणाचे काम आणि त्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा.

हे अधिकरण मी तरुणपणी वाचले तेव्हा ते मला बुद्धीचा एक सुंदर व्यायाम वाटले होते. त्याची खरी धार मला जाणवली ती गेल्या शरदात, नेब्रास्कातून इलिनॉयमधील आमच्या घरी परतताना, मका आणि सोयाबीन यांच्या कापणीने धुरकटलेल्या आणि क्षितिजापर्यंत सपाट पसरलेल्या मुलखातून जवळजवळ पाचशे मैलांचा रस्ता मी आणि माझी पत्नी मोटारीने कापीत असताना. लिंकन शहरात आमच्या एका जुन्या स्नेह्याची उत्तरक्रिया आटोपून आम्ही निघालो होतो. त्याच्या अस्थी नाशिकला न्यावयाच्या की तो ज्या मातीत आयुष्याचा मोठा भाग राबला तेथीलच नदीला अर्पावयाच्या, यावर त्याच्या मुलांत मतभेद झाला होता, आणि तो मतभेद आमच्याबरोबर मोटारीत येऊन बसला होता. आमचेही वय आता असे झाले आहे की हा प्रश्न दुसऱ्यांचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. माणसाला कोणती भूमी आपली म्हणण्याचा अधिकार आहे, आणि तो कशाने प्राप्त होतो? वाटेत लागलेल्या स्थळांनी या प्रश्नाला आपापली उत्तरे दिली. ती परस्परांशी जुळणारी नव्हती.

पहिले उत्तर मोजणीचे. या प्रदेशातील रस्ते बहुधा उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम असेच धावतात आणि एकेक मैलाच्या अंतराने परस्परांना काटकोनात छेदतात. १७८५ सालच्या जमीनविषयक कायद्याने अमेरिकेच्या नव्या सरकारने असे ठरविले की, पश्चिमेकडील मुलूख विकण्यापूर्वी त्याचे सहा मैल लांब-रुंद चौरस पाडावे, प्रत्येक चौरसाचे ३६ भाग करावे, म्हणजे एकेक भाग ६४० एकरांचा होईल, आणि त्यांपैकी सोळावा भाग शाळेच्या खर्चासाठी राखावा. ओहायो नदीच्या काठी सुरू झालेली ही मोजणी डोंगर, ओढा, गाव, स्मशान यांपैकी कशाचीही भीड न ठेवता पश्चिमेकडे सरकत गेली. तिचे हत्यार म्हणजे गंटरची ६६ फुटांची साखळी. महाराष्ट्रीय वाचकाला ही साखळी परकी वाटण्याचे कारण नाही. आपला गुंठा हा ३३ फूट लांब आणि तितकाच रुंद असा चौरस आहे, म्हणजे त्याची बाजू नेमकी याच साखळीच्या निम्म्याइतकी, आणि गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पाहणी आरंभिली आणि जिच्यातून आपली आजची शेतसाऱ्याची दप्तरे उभी राहिली, ती याच एकरा-गुंठ्यांच्या हिशेबाने. मात्र मोठा फरक असा की, इंदापुरात मोजणीदार आला तेव्हा बांध आधीपासून होते आणि त्याने ते कागदावर उतरविले. येथे कागदावरचे बांध आधी आखले गेले आणि मग ते मातीवर उतरविण्यात आले.

आयोवातील एका खडीच्या रस्त्यावर या पद्धतीची मर्यादा आम्हाला प्रत्यक्ष दिसली. मैलोगणती सरळ जाणारा रस्ता एका ठिकाणी एकाएकी डावीकडे काटकोनात वळला, थोडे अंतर गेला आणि पुन्हा उजवीकडे वळून आपल्या पूर्वीच्या दिशेने चालू लागला. तेथे ना टेकडी होती, ना तळे. पृथ्वी गोल असल्यामुळे रेखावृत्ते उत्तरेकडे परस्परांच्या जवळ येत जातात, सपाट कागदावरचे चौरस तिच्यावर नीट बसत नाहीत, आणि म्हणून ठरावीक अंतरावर मोजणीदारांना सगळी आखणी सरकवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागे. त्या दुरुस्तीच्या रेषेवर आजही प्रत्येक रस्ता असा अडखळतो. मोजणीचा उपयोग मी नाकारीत नाही. ज्या रयतेकडे मोजणीचा दाखला नसतो तिची जमीन कोणीही दांडगा बळकावतो, हे आपण आपल्या देशात पुष्कळ पाहिले आहे. परंतु मोजल्याने हद्द ठरते. हक्क त्याच्याही आधी कोठून तरी यावा लागतो.

तो श्रमातून येतो, हे दुसरे उत्तर; आणि आमच्या प्रवासाचा आरंभच त्या उत्तराच्या गावापासून झाला होता. नेब्रास्कात बीट्रिसजवळ डॅनिएल फ्रीमन नावाच्या माणसाने १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे नवा कायदा अंमलात आला त्याच दिवशी, १६० एकरांवर आपला दावा नोंदविला, आणि त्या जागी आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६२ साली सही केलेला हा होमस्टेडचा कायदा सांगत होता की, पाच वर्षे जमिनीवर राहा, घर बांधा, ती कसा, आणि अल्पशी फी भरून ती आपल्या नावावर करून घ्या. सोळा लाखांच्या आसपास लोकांना या कायद्याखाली सुमारे सत्तावीस कोटी एकर जमीन मिळाली. त्यांत एकट्या स्त्रिया होत्या, नुकतेच दास्यातून सुटलेले कृष्णवर्णीय होते, युरोपातून उपाशी आलेली कुटुंबे होती. जॉन लॉकने सतराव्या शतकात जे तत्त्व मांडले, की मनुष्य जेव्हा आपले श्रम भूमीत मिसळतो तेव्हा ती त्याची होते, त्या तत्त्वाचा एवढा मोठा प्रयोग पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. गवताच्या मुळ्यांनी विणलेल्या मातीचे थर कापून, त्यांच्या विटा रचून बांधलेल्या घरांत ज्यांनी तेथले हिवाळे काढले, त्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे.

तरीही त्या उद्यानाच्या आवारात उभे असता माझ्या पत्नीने जे विचारले ते मला टाळता आले नाही. ती म्हणाली, “अहो, यांनी श्रम मिसळले हे खरे; पण ज्यात मिसळले ते आधी कोणाचे होते? रिकाम्या जमिनीवर कोणी कायदा करतो का?” फ्रीमनच्या शेताच्या दक्षिणेला, बिग ब्लू नदीच्या काठी, ओटो-मिसुरिया लोकांची राखीव भूमी तेव्हा अस्तित्वात होती, १८८१ साली त्यांना ओक्लाहोमाकडे जावे लागले. त्यांनीही त्या नदीकाठी मका पेरला होता. श्रमाने जर हक्क निर्माण होत असेल, तर त्यांच्या स्त्रियांचे श्रम कोणत्या दप्तरात नोंदले गेले?

आमचे बोलणे तेथून न्यायालयांकडे वळले. भारतीय व्यवहारशास्त्र आणि अमेरिकन न्यायव्यवस्था यांनी एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे येथे शेजारी ठेवण्याजोगी आहेत. १८२३ साली जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यापुढे जो वाद आला, तो इलिनॉयच्या मुलखातील जमिनीविषयीच होता: काही व्यापाऱ्यांनी ती १७७३ व १७७५ साली थेट मूळच्या रहिवाशांकडून विकत घेतली होती. मार्शल यांनी निकाल दिला की त्या रहिवाशांना केवळ वहिवाटीचा हक्क होता, अंतिम स्वामित्व शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे आणि तिच्याकडून वारशाने अमेरिकन सरकारकडे आले, आणि जिंकून मिळविलेला हक्क जेत्याच्याच न्यायालयाने नाकारावा हे शक्य नाही. निकालपत्रातील अस्वस्थता त्यांनी झाकून ठेवलेली नाही, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाची ती खूण आहे. पण निकाल मात्र जेत्याच्या बाजूने लागला.

याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी काशीत बसून नीलकंठभट्ट व्यवहारमयूख लिहीत होते. हे घराणे मूळचे पैठणचे. त्यांचे पूर्वज रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस गेले. पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हा ग्रंथ प्रमाण मानला, आणि महामहोपाध्याय काणे यांनी त्याचे साक्षेपी संपादन केले. नीलकंठांनी जैमिनीच्या त्याच अधिकरणाचा आधार घेऊन सांगितले आहे की, राजा जिंकून घेतो तेव्हा पराभूत राजाचे जे होते तेवढेच त्याला मिळते. पराभूताची स्वतःची घरे, शेते, जडजवाहीर असेल तर ते त्याचे. परंतु जेथे पराभूताला केवळ महसूल घेण्याचा अधिकार होता तेथे जेत्यालाही तेवढाच. गावांतील शेतांचे स्वामित्व शेते धारण करणाऱ्यांचेच राहते. आपल्याकडे हे तत्त्व नेहमी पाळले गेले असे कोणी म्हणू नये. जप्ती आणि मुलुखगिरी यांचा आपला इतिहास मोठा आहे, आणि कसणाऱ्यांपैकी कित्येकांना जातीमुळे ‘धारण करणाऱ्यां’त कधी गणलेच गेले नाही. तथापि विजयाने भूमी मिळत नाही असे म्हणणारा एक ग्रंथ प्रमाण म्हणून समोर असणे, आणि तसे म्हणणारा ग्रंथच समोर नसणे, या दोन स्थिती सारख्या नाहीत.

मिसुरी नदी ओलांडून, तिच्या पूर्वेच्या, वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीच्या त्या विलक्षण टेकड्या मागे टाकून, आम्ही आयोवाच्या मध्यभागी टामा गावाजवळ आलो तेव्हा तिसरे उत्तर पुढे उभे राहिले. येथे आयोवा नदीच्या काठी मेस्क्वाकी लोकांची वसाहत आहे. १८४२च्या तहाने त्यांची आयोवातील भूमी गेली आणि त्यांना कान्ससमध्ये हलविण्यात आले. पण काही जण गेलेच नाहीत, लपून राहिले, आणि गेलेल्यांपैकी कितीतरी परत आले. मग त्यांनी जे केले त्याला त्या काळात तोड नव्हती. १८५६ साली आयोवाच्या विधिमंडळाने त्यांच्या वास्तव्याला मान्यता दिली, आणि १८५७च्या जुलैत त्यांनी १००० डॉलर मोजून ८० एकर विकत घेतले, राज्याच्या गव्हर्नरने ते त्यांच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण करावे अशा बोलीने. ज्या भूमीवरून त्यांना काढले तीच त्यांनी रोख पैसे देऊन परत घेतली, पुढे थोडी थोडी करून वाढविली, आणि आज ती कित्येक हजार एकर आहे.

मोटारीत याच जागी आमचा खरा वाद झाला, आणि तो मी सविस्तर सांगतो, कारण माझे मत त्याने बदलले. मी जैमिनीचा पक्ष घेऊन म्हणत होतो की भूमी कोणाचीच नसते. खरेदीखते, सनदा, गहाणखते हा सगळा कागदांचा व्यवहार माणसाने आपल्या सोयीसाठी रचलेला आहे, आणि ज्ञात्याने त्याला फारसे महत्त्व देऊ नये. पत्नीने ते ऐकून घेतले, आणि पुष्कळ वेळाने ती म्हणाली, “भूमी कोणाचीच नाही, हे तत्त्वज्ञान ज्याच्या ताब्यात भूमी आहे त्यालाच परवडते. तुमच्या नावावर घर आहे म्हणून तुम्ही असे बोलता. ही माणसे तसेच म्हणत होती, आणि त्यामुळेच ती बाहेर फेकली गेली. परत आल्यावर त्यांनी आधी खरेदीखत केले.” मी म्हणालो, “मग तुझ्या मते जैमिनी चुकला?” तर ती म्हणाली, “जैमिनी कोठे म्हणतो कोणाचीच नाही? तो म्हणतो सर्वांना सारखी. तुम्ही त्याचे अर्धेच वाचले.”

तिचे म्हणणे यथार्थ होते. भूमीवर कोणाचाच हक्क नाही असे मानले की बळवंताला कोणाची हरकत उरत नाही. भूमीवर सर्वांचा सारखा हक्क आहे असे मानले की प्रत्येक कब्जेदाराला इतर सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. पहिल्या भूमिकेतून वैराग्याचा देखावा निघतो, दुसरीतून कर्तव्य निघते. आणि मेस्क्वाकींनी केलेली खरेदी ही दुसऱ्या भूमिकेशी मुळीच विसंगत नाही. त्यांनी कागद घेतला तो बाहेरच्या जगाला थोपविण्यासाठी. आतल्या बाजूने ती भूमी समस्त समाजाची राहिली.

आमानाची गावे टाम्याच्या आग्नेयेला, तासाभराच्या अंतरावर. या गावांनी मालकीच्या प्रश्नाला धर्माचे उत्तर दिले होते, आणि ते उत्तर जवळजवळ ऐंशी वर्षे टिकले. ईश्वर आजही भक्तांच्या मुखाने बोलतो अशी श्रद्धा असलेला हा जर्मन पंथ, क्रिस्टियन मेट्झ यांच्या नेतृत्वाखाली, आधी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ आणि मग १८५५ पासून आयोवात वसला. सात गावे, सुमारे सव्वीस हजार एकर जमीन, आणि त्या जमिनीचा, गिरण्यांचा, घरांचा कोणीही वैयक्तिक मालक नाही. वेतन नव्हते, जेवण सामुदायिक स्वयंपाकघरांत होई. १९३२ साली, मंदीच्या काळात, सभासदांनी मतदान करून ही व्यवस्था मोडली, मालमत्तेची भागधारकांची कंपनी केली आणि धर्मसंस्था वेगळी काढली. काही लेखक हे मानवी स्वभावाने आदर्शवादावर मिळविलेल्या विजयाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला ते घाईचे अनुमान वाटते. जी संस्था तीन पिढ्या भुकेविना, तुरुंगाविना, भिकाऱ्याविना चालली, तिने शेवटी शांतपणे मत देऊन आपले रूप बदलले, यात पराभव कोणता?

परंतु आम्हाला तेथे थांबवून ठेवले ते स्मशानभूमीने. आमानात मृतांना कुळाप्रमाणे पुरीत नाहीत. मृत्यूच्या क्रमाने पुरतात. सर्व शिळा एकसारख्या, बुटक्या, त्यांवर नाव आणि तारखा. ज्याचा मृत्यू ज्याच्या पाठोपाठ झाला तो त्याचा शेजारी, मग तो परका असो. नवरा एका ओळीत, आणि पुष्कळ वर्षांनी गेलेली बायको दूर कोठेतरी दुसऱ्या ओळीत. संसारात सगळे सामाईक ठेवणाऱ्या लोकांनी मृत्यूनंतरही माझेपणाचा शेवटचा धागा ठेवला नव्हता. त्या ओळींमधून चालताना मला त्यांच्या श्रद्धेची उंची जाणवली, आणि माझी पत्नी मात्र दुखावली. तिचे म्हणणे असे की जमीन माझी नाही हे म्हणणे वेगळे आणि हे माणूस माझे नाही हे म्हणणे वेगळे. या लोकांनी दोन्ही एकाच मापाने मोजले. येथेही ती, नकळत, जैमिनीच्या बाजूने बोलत होती. मीमांसेने आईबापांना आणि भूमीला अदेय ठरविले, पण कारणे वेगवेगळी दिली: भूमी सर्वांची म्हणून अदेय, आईबाप माझेच, पण मी त्यांचा धनी नाही म्हणून अदेय. स्वामित्वावाचूनही आपलेपण असू शकते, आणि ते स्वामित्वाहून घट्ट असू शकते, हे त्या दुसऱ्या कारणात अनुस्यूत आहे. मला वाटते, भूमीच्या बाबतीतही माणसाला जे खरोखर हवे असते ते याच जातीचे आपलेपण; ते मिळत नाही म्हणून तो खरेदीखतावर भागवितो.

मृत आणि भूमी यांचा आणखी एक संबंध या प्रांतात पाहावयास मिळतो. मनुष्याच्या उंचीचे गवत आणि रानफुले यांनी व्यापलेली प्रेअरी हे आयोवाचे मूळ रूप; तीतील हजारात एक भागही आता शिल्लक नाही, कारण ती नांगरली गेली, तिच्या पाणथळ जागांखाली मातीचे नळ घालून पाणी काढून दिले गेले. जे तुकडे वाचले त्यांतील काही जुन्या स्मशानभूमींत आहेत. सीडर परगण्यात रॉचेस्टर येथे अशी एक स्मशानभूमी आहे: जुने ओक, थडगी, आणि त्यांच्यामध्ये कोणी न पेरलेले गवत. मेलेल्यांच्या अंगावरून नांगर फिरवू नये एवढी मर्यादा वसाहतकारांनी पाळली, म्हणून ती माती जशीच्या तशी राहिली. ही मर्यादा आपल्यांच्या मृतांपुरती होती, हे मात्र तेथून पुढच्या प्रवासात विसरता येत नाही.

कारण पुढे मिसिसिपी येते, आणि पलीकडे रॉक नदीचा प्रदेश, जेथे आमचे घर आहे. रॉक नदी जेथे मिसिसिपीला मिळते तेथे सॉकेनुक हे सॉक लोकांचे मोठे गाव होते, त्याभोवती त्यांची मक्याची शेते होती, त्यांची स्मशाने होती. १८०४ साली सेंट लुईस येथे मूठभर सॉक आणि मेस्क्वाकी माणसांकडून एका तहावर खुणा करून घेऊन कोट्यवधी एकर भूमी सरकारच्या नावे करण्यात आली. त्यांना तसा अधिकार त्यांच्या समाजाने दिला नव्हता. पुढे वसाहतकार आले, मोजणी झाली, लिलाव झाले, आणि त्यांचे नांगर त्या स्मशानांवरून फिरले. १८३२च्या एप्रिलमध्ये सॉकांचा पुढारी ब्लॅक हॉक, वय पासष्टच्या आसपास, हजाराहून अधिक पुरुष, स्त्रिया आणि मुले बरोबर घेऊन नदी ओलांडून आपल्या मुलखात परत आला. त्यांना मका पेरावयाचा होता. ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनात मिसिसिपीच्याच काठी, परत फिरून नदी ओलांडू पाहत असता, त्यांतील शेकडो मारले गेले. पुढच्या वर्षी ब्लॅक हॉकने आपले चरित्र सांगितले. आंत्वान ल क्लेअर याने दुभाष्याचे काम केले, आणि आम्ही ज्या पुलावरून घरी येतो त्याच्या आयोवाच्या बाजूचे गाव आज त्याच ल क्लेअरच्या नावाने ओळखले जाते. त्या चरित्रात ब्लॅक हॉकने भूमीविषयी आपल्या तर्काने पोहोचलेला एक निष्कर्ष मांडला आहे, तो असा की भूमी विकता येत नाही. विकता येते ते उचलून नेता येईल तेवढेच.

हा विचार मी अनेकदा वाचला होता, पण जैमिनीशेजारी ठेवून कधी पाहिला नव्हता. एक यज्ञमंडपात बसून दक्षिणेचा निर्णय करीत होता, दुसरा सर्वस्व गेल्यावर आपली कैफियत सांगत होता; दोघांत काळाचे, भाषेचे, जीवनाचे कोणतेही साम्य नाही; आणि तरी दोघांनी भूमीला व्यवहारयोग्य वस्तूंच्या यादीतून बाहेर काढले. धर्मविचार जेथे खरा असतो तेथे तो अशाच प्रकारे अनोळखी माणसांत भेटतो, असे मी श्रद्धेने मानतो.

आमच्या गावाजवळ, ऑरेगन येथे, रॉक नदीवरच्या कड्यावर लोराडो टॅफ्ट याने १९११ साली उभारलेला एक प्रचंड पुतळा आहे, लोक त्याला ब्लॅक हॉकच म्हणतात. आमच्या घराच्या कागदांचे जे बाड आम्हाला जुन्या मालकाकडून मिळाले त्यात पहिली नोंद सरकारने दिलेल्या सनदेची आहे. त्याच्या अलीकडे प्रत्येक हस्तांतर, प्रत्येक गहाण, प्रत्येक वारस तपशिलाने नोंदलेला. त्याच्या पलीकडे काही नाही. पत्नी एकदा म्हणाली होती की पुतळा फार मोठा केला की दप्तरातली उणीव झाकली जाते असे या लोकांना वाटले असावे. मी त्या वेळी काही बोललो नव्हतो.

आमच्या पूर्वेला, डी काल्ब परगण्यात, अलीकडे जे घडले त्याने या विचाराला पुढचे पाऊल मिळाले आहे. पोटावाटोमी लोकांचा प्रमुख शबोना याला १८२९च्या प्रेअरी दु शीनच्या तहाने १२८० एकर भूमी राखून दिलेली होती. तो कान्ससमध्ये आप्तांना भेटावयास गेला असता, भूमी सोडली असे ठरवून, १८४९ साली सरकारी दप्तराने ती लिलावात विकली. त्याच्या वंशजांच्या राष्ट्राने तीतील १३० एकर विकत घेतले, आणि २०२४ साली केंद्र सरकारने ते विश्वस्त म्हणून त्यांच्या वतीने धारण करण्याचे मान्य केले. २०२५ साली इलिनॉय राज्यानेही शेजारचे सरोवर-उद्यान त्यांच्या हवाली करण्याचा कायदा केला. रस्त्यांची डागडुजी कोण करील, कराचे उत्पन्न किती बुडेल, कोणाचा कायदा चालेल, हे शेजाऱ्यांचे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना उत्तरे द्यावीच लागतील. पण पत्नीने त्यात एक गोष्ट पाहिली, ती मला दिसली नव्हती. जैमिनीने विचारले ते भूमी देता येते काय एवढेच. ती परत करता येते काय, हे त्याने विचारलेच नाही, आणि परत करण्यासाठी मालक असावे लागत नाही, उलट मालक नसल्याची कबुली तेवढी लागते.

मी विनोबांची आठवण काढली. १९५१ पासून त्यांनी गावोगाव फिरून भूमी मागितली ती मला घरातला सहावा मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या अशा भाषेत. दान म्हणजे सम्यक् विभागणी हा जुना अर्थ त्यांनी पुढे केला होता, आणि त्यामुळे उपकाराचा भाव त्यात राहत नव्हता. त्या चळवळीत मिळालेली पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ कधी वाटलीच गेली नाही. तरी मागण्याची ती रीत मला आजही निर्दोष वाटते. यावर पत्नी म्हणाली, “मग तोच हिशेब आपण धरू.” आमच्या अस्थींचा प्रश्न तिने बाजूला ठेवला, तो मुलांनी ठरवावा, असे तिचे मत पडले. परंतु मृत्युपत्राच्या मसुद्यात आमच्या मालमत्तेचा सहावा भाग या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या भूमी परत घेण्याच्या कामासाठी राखावा, आणि घर मुलांकडे जावे, असे तिने सुचविले, आणि मी संमती दिली. वकिलाने मसुदा तयार केला आहे. मुलांचा हिस्सा त्यामुळे कमी होतो, तेव्हा त्यांना न विचारता सही करणे न्यायाचे होणार नाही. नाताळच्या सुटीत ती घरी येतील तेव्हा आम्ही तो त्यांच्यापुढे ठेवणार आहोत.